उतरत्या फरशीवरचं टेबल

आमच्या नारायणगावच्या घराची रस्त्याकडची खोली माझ्या यजमानांनी १९६८ साली बांधून घेतली. ते गुरांचे डॉक्टर होते. खोलीची फरशी त्यांनी मुद्दाम उतरती घालून घेतली होती, दारापासून मागच्या मोरीकडे, फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडलेली गाय, फऱ्या झालेलं वासरू, शर्यतीत मार खाल्लेला बैल, जे काही आत येईल त्याचं शेण, रक्त, पू बादलीभर पाण्याने मोरीत वाहून जावं म्हणून. सव्वीस वर्षं मी ती खोली फिनेलने धुतली आणि मला कधी किळस आली नाही. किळस आली ती डॉक्टर गेल्यानंतर, त्याच खोलीत सन्मानचिन्हं तयार होऊ लागली तेव्हा.

त्या खोलीचं दार कुंडलिक सुताराने केलं होतं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. सागवानी दार, तीन बिजागऱ्या. आज चाळीस वर्षं होत आली, पण ते अजून एका बोटाने लागतं आणि पावसाळ्यात फुगत नाही.

कुंडलिक महाळुंगे पडवळचा. त्याचे वडील बैलगाड्या करायचे. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेतला की गाडीसाठी माणूस महाळुंग्याची वाट धरायचा, असं डॉक्टर सांगत. कुंडलिक वडिलांच्या हाताखाली चाक करायला शिकला आणि तो तयार होतोय तोवर गाड्यांना रबरी टायर आले. मग तो नारायणगावला येऊन द्राक्षांची खोकी करू लागला. हंगामात दिवसाला ऐंशी खोकी, आणि एकाही फळीचं कुसळ घडाला लागायचं नाही. पुढे पुठ्ठ्याची खोकी आली, टोमॅटोला प्लास्टिकचे क्रेट आले. मग दारं, खिडक्या, पाळणे, पाट. मग तयार दारंही गावात येऊ लागली. २००६ साली कुंडलिक साठीला आला होता आणि गोणपाटात गुंडाळलेली हत्यारं काखेत मारून दारोदार विचारत हिंडत होता. कुणाचा पाट मोडलाय, कुणाची खाट करकरते.

त्याचा जावई भरत चाकणला एका कंपनीच्या फाटकावर पहारेकरी होता. सासऱ्यालाही तिथे चिकटवायचं त्याने मनावर घेतलं होतं. एकदा माझ्या पोळपाटाचा पाय बसवताना कुंडलिकने मला ते सांगितलं.

"जावई म्हणतो, मामा, बसून पगार हाय. शिट्टी वाजवायची, गेट उघडायचं, गेट लावायचं."

"मग जात का नाही?" मी विचारलं.

"बाई, मी त्याला म्हटलं, तुमच्या गेटाला स्प्रिंगची बिजागरी लावून देतो. आपसूक मिटंल. मग माझी गरजच काय तिथं?" तो हसला. मग पाय ठोकून झाल्यावर, पोळपाट उलटा धरून डोळ्यासमोर नेत म्हणाला, "एकदा का शिट्टी गळ्यात पडली, की हे हात कुणाचेबी हात. मला न्हाई जायचं."

१४ जानेवारी २००६, शनिवारी, बाळासाहेबांनी मशीन आणलं. बाळासाहेब म्हणजे माझे भाडेकरू. वडिलांची टोमॅटोची आडत, त्यांचा स्वतःचा हायवेवर फ्लेक्सबोर्डांचा धंदा. गावात वाढदिवस असो की दहावा, चौकात जे दात काढणारे चेहरे टांगलेले असत ते सगळे त्यांच्याकडचे. आता त्यांना सन्मानचिन्हांत उतरायचं होतं. "काकू, फ्लेक्स आठ दिवसांत फाटतो," ते मला म्हणाले. "सन्मानचिन्ह माणूस मरेपर्यंत कपाटात ठेवतो."

मशीन चिनी होतं, लोखंडी घोडीवर उभं. घोडीच्या चार पायांना स्क्रू होते, ते फिरवून मशीन सरळ करायचं. आत काचेच्या नळीतून न दिसणारा किरण निघायचा, आरशांवरून वळत वळत एका भिंगातून खाली यायचा आणि पडेल तिथे जाळायचा. कॉम्प्युटरवर जे काढाल ते लाकडावर, ॲक्रिलिकवर, ग्रॅनाइटवर उमटायचं. अट एकच. भिंगापासून ठरलेल्या अंतरावर तो किरण सुईच्या टोकासारखा असायचा. वस्तू दोन सूत खाली गेली की टोक बोथट. रेघ फिसकटायची.

बाळासाहेबांचा खरा डोळा कोनशिलांवर होता. पण मशीनच्या आतल्या ताटात इंचभर जाडीच्या वर काही मावत नव्हतं, आणि दगडाचं वजन त्या पत्र्याला पेलणारही नव्हतं. म्हणून त्यांनी मशीनच्या पोटाचा पत्राच काढून टाकला आणि खालून सरकवायला वेगळं, स्वतःच्या पायांवर उभं राहणारं टेबल करायचं ठरवलं. त्यासाठी कुंडलिकला बोलावलं.

"मिस्तरी, दगड नीट निघाला पाहिजे," बाळासाहेब म्हणाले. "निघाला, तर आपल्या सगळ्या सन्मानचिन्हांच्या सागवानी बैठका वर्षभर तुम्हीच करायच्या. चाकणचं नाव काढायचं नाही."

"आणि न्हाई निघाला तर?"

"तर जावयाला फोन लावायचा." बाळासाहेब खो खो हसले. कुंडलिक हसला नाही. त्याने टेप काढली आणि मशीनखाली वाकला.

टेबल व्हायला दोन महिने लागले, कारण ते तीनदा झालं.

पहिल्यांदा त्याने सागाचा सांगाडा करून वर प्लायवूड ठोकलं. किरण ॲक्रिलिक कापून पार खाली गेला, प्लाय जळलं, आणि धुराचा तपकिरी डाग ॲक्रिलिकच्या पाठीला बसला. जळलेल्या ॲक्रिलिकचा वास ज्यांनी घेतला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. गोडसर असतो. नासलेल्या फळावर कुणी अत्तर शिंपडावं तसा. तो माझ्या स्वयंपाकघरात शिरला, तो वर्षभर निघाला नाही. कणकेच्या डब्यालाही तो वास.

दुसऱ्यांदा कुंडलिकने प्लाय उपटलं. खोक्यांना आवळायची लोखंडी पट्टी त्याच्याकडे जुन्या दिवसांतली पडून होती, गंजलेली वेटोळी. ती घासून, सरळ करून, त्याने बोटाबोटावर खाचा पाडलेल्या सागाच्या पट्ट्यांत उभी बसवली, धारेवर. वरून पाहिलं तर खिसणीसारखं दिसायचं. वस्तू धारांवर टेकायची, किरण मधल्या फटींतून निघून जायचा, खाली जळायला काही नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "पापड वाळवताना तुमी काय करता? खालून वारा जाईल असं बघता ना? तसंच."

तिसऱ्यांदा त्याने ते वरखाली होणारं केलं. आट्यांचे चार रॉड चार कोपऱ्यांत, प्रत्येकाखाली सायकलचं दातेरी चाक, आणि चारींवरून फिरणारी एकच सायकलची चेन. बाजूला मूठ. एक फेरा दिला की वरचा भाग अर्धा सूत चढायचा, चारही कोपरे एकदम. पाऊण इंचाची फळी असो नाहीतर चार इंचांचा दगड, मूठ फिरवून भिंगापासूनचं अंतर बरोबर करता यायचं.

त्या दिवसांत त्याची बायको प्रयागबाई त्याला भाकरी घेऊन यायची. जिभेने फटकळ, पण त्याच्या जेवणाची वेळ तिने कधी चुकवली नाही. एकदा दारात उभी राहून तिने टेबल न्याहाळलं.

"महिना झाला," ती म्हणाली. "टेबल करताय का देव्हारा?"

"देवाला वाकडं चालतं," कुंडलिक खालूनच म्हणाला. "ह्या किरणाला न्हाई चालत."

"आन् मला वाकडं चालतं व्हय? चाळीस वरसं बघतेय मी."

"तुला सरळ करायला गेलो तर माझा रंधा मोडंल."

प्रयागबाईने फडक्याची गाठ सोडता सोडता मला डोळा घातला. "बगा बाई. म्हून चाकणवाले ह्यांना घेत न्हाईत."

टेबलाचे पाय शेवटी कापायचे राहिले होते. त्या दिवशी, ११ मार्चला, कुंडलिकने मला हाक मारली. बाळासाहेब पुण्याला गेले होते आणि त्याला दुसरं माणूस हवं होतं. पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून त्याने तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. "बाई, हे टोक त्या पायापाशी धरा. हलवू नका. पाणी थांबलं की सांगा."

मी म्हटलं, "फरशी उतरती आहे, कुंडलिक. डॉक्टरांनी तशीच घालून घेतली होती."

"ठावं हाय. दार कुणी बसवलं?" तो म्हणाला. "दाराच्या फळीला खालून तिरका छाट दिलाय ना मी, तो ह्याच उतारासाठी."

मला अडतीस वर्षांत ते दिसलं नव्हतं.

चार फुटांत अर्धा इंच उतार निघाला. शिवाय जुन्या फरशा कुठे बसलेल्या, कुठे उचललेल्या. त्याने चारही पाय चार मापांचे कापले. बाळासाहेब परत आल्यावर म्हणाले, "अहो, स्क्रू बसवा ना पायाला. मशीनच्या घोडीला आहेत तसे." कुंडलिक म्हणाला, "दोन मणाचा दगड वर पडल्यावर स्क्रू दबतो. लाकूड दबत न्हाई." मग त्याने प्रत्येक पायावर पटाशीने खूण केली, एक रेघ, दोन रेघा, तीन, चार, आणि फरशीवर तिथल्या तिथे तांबड्या रंगाचे चार चौकोन काढले. "ह्ये टेबल हितंच उभं राहणार," तो मला म्हणाला. "एक रेघेचा पाय पहिल्या चौकोनात. ध्यानात ठेवा बाई. मी मेलो तरी."

पहिली परीक्षा काळ्या ग्रॅनाइटच्या लांबट तुकड्यावर झाली. बाळासाहेबांना त्यावर गणपती काढायचा होता. कुंडलिक म्हणाला, नुसती रेघ काढा. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"रेघेत काय बघायचं, राव?"

"रेघंतच बघायचं असतं."

रेघ निघाली. केसासारखी, पांढरी, तीन फूट. कुंडलिकने चष्मा वर सरकवला, तुकडा खिडकीपाशी नेला आणि अंगठ्याचं नख पुन्हा पुन्हा त्या रेघेवरून फिरवलं. टोकापासून टोकापर्यंत ती एकसारखी होती. त्याने तो तुकडा मला दिला. "ठेवा तुमच्याकडं. बाळासाहेब ह्याच्यावर पाटी करून टाकतील."

मी तो माझ्या कपाटात ठेवला.

मार्च-एप्रिलभर त्या खोलीतून काय काय निघालं! यात्रांचे दिवस होते. "आदर्श सरपंच", "आदर्श गाडामालक", "समाजभूषण", "युवा भूषण", "कार्यसम्राट". एका बाकड्याची देणगी दिलेल्या माणसाला "दानशूर". एकाच आडनावाची सात माणसं एकाच व्यासपीठावर एकमेकांना एकसारखी चिन्हं देत, आणि ती सगळी एका दुपारीत, एका फळीतून, त्या टेबलावर जळून निघत. एका चिन्हावर शर्यतीच्या बैलाचं चित्र होतं, बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या फोटोवरून काढलेलं. बैल मी ओळखला. शर्यतीत पळावा म्हणून त्याच्या शेपटीचा चावून तुकडा पाडलेला होता आणि तो डॉक्टरांनी ह्याच फरशीवर शिवला होता. धनी तेव्हा बाहेर मोटारसायकलवर बसून विडी ओढत होता. आता तो "पशुप्रेमी" झाला होता.

कुंडलिक बैठका करत होता. सागाच्या, गोल कडांच्या, खालून हिरवं मखमल लावलेल्या. वर काय जळतं ते तो वाचत नसे. "मी बुडाचं बघतो," म्हणायचा. त्याचा चेहरा भरला होता. जावयाचा फोन आला की प्रयागबाईला सांगायचा, "म्हणावं, मिस्तरी कामावर हायेत."

मग वास्तुवाला आला.

अक्षय्य तृतीयेचा दिवस, ३० एप्रिल, रविवार. कुंडलिक पितरांना घागर द्यायला गावी गेला होता. बाळासाहेबांनी पुण्याहून एका वास्तुशास्त्रवाल्याला आणलं होतं. पांढरा सफारी, हातात होकायंत्र, बोटाबोटात खडे. त्याने माझ्या यजमानांच्या खोलीत उभं राहून श्वास ओढला. ॲक्रिलिकच्या त्या घाणीत! म्हणाला, "इथे ऊर्जा अडकलेली आहे."

"कशानं?" बाळासाहेबांनी विचारलं.

"लेझर म्हणजे काय? अग्नी. अग्नी वायव्येला ठेवलाय तुम्ही. अग्नीची जागा आग्नेयेला. आणि काम करणाऱ्याचं तोंड पूर्वेला."

चार माणसं लावून मशीन उचललं, टेबल उचललं, पलीकडच्या कोपऱ्यात नेलं आणि अर्धा फेरा फिरवून ठेवलं. धूर बाहेर टाकायचा पाइप पश्चिमेच्या खिडकीला होता. तो आता पुरेना, म्हणून माझ्या अंगणाकडे वळवला. आग्नेयेत ठेवलेल्या अग्नीचा धूर थेट माझ्या तुळशीवर. मशीनच्या घोडीचे स्क्रू फिरवून घोडी सरळ केली. टेबलाला स्क्रू नव्हते. लांब पाय आता चढावर होते आणि आखूड पाय उताराला. चार फुटांत एक इंच फरक पडला. बाळासाहेबांनी जुन्या फ्लेक्सचे तुकडे घड्या घालून आखूड पायांखाली सारले, डोळ्याला सरळ दिसेपर्यंत. तांबडे चार चौकोन फरशीवर उघडे पडले.

मी दारात उभी राहून हे पाहिलं. कुंडलिक आला की सांगू, असं मनात म्हटलं. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्स आम्हाला शिकवत, की दुसऱ्याच्या व्यवहारात तोंड घालणं हे असंस्कृतपणाचं लक्षण आहे. मी संस्कृत राहिले.

महाळुंग्याजवळच्या एका वाडीचा सभामंडप पुरा झाला होता. त्याच्या कोनशिलेचं काम बाळासाहेबांना मिळालं होतं. काळा ग्रॅनाइट, तीन फूट बाय दोन फूट, वर मजकूर आणि खाली सहा जणांचे चेहरे. उद्घाटन ४ मे, गुरुवारी, सकाळी अकराला. दगड आदल्या दिवशी जाळला. कुंडलिक अजून गावीच होता, त्याच मंडपाचं दार बसवत.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता समितीचे अध्यक्ष रखमाजी दगड न्यायला आले. बरोबर जीपभर माणसं, फेटे बांधलेली. दाराचं काम संपवून कुंडलिकही त्यांच्याच जीपमध्ये बसून आला होता. मोठ्या हौसेने. त्याच्या टेबलावरचा पहिला मोठा दगड, आणि तोही त्याच्या शिवारातला.

दगडावरचं फडकं काढलं. पाच चेहरे लख्ख होते, मिशीचा केस न् केस. सहावा, खालच्या उजव्या कोपऱ्यातला, रखमाजींचा. तो राखेने पुसल्यासारखा. डोळे कुठे, नाक कुठे, काही पत्ता नाही.

मग जीपमधल्या एकाला राहवलं नाही. "अण्णा, तुमचा लई जुना फोटो दिलाय वाटतं. फोटो निघायच्या आदीचा."

दोघे-तिघे फिसकन हसले. रखमाजींच्या मानेची शीर फुगली.

"पाच तोंडं उजळ," ते म्हणाले, "आन् वर्गणी गोळा करत उन्हात हिंडला त्याचंच तोंड काळं? बाळासाहेब, ह्यो दगड मी माझ्या गावात लावू?"

बाळासाहेबांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "आमचं मशीन एक नंबर आहे, अण्णा. टेबल वाकडं. ह्या म्हाताऱ्याने केलंय. तरी मी सांगत होतो, लोखंडी करू. म्हटलं गरीब आहे, मिळू दे चार दिवस काम."

कुंडलिक पुढे झाला. त्याने दगडाकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग फरशीकडे, जिथे तांबडे चौकोन रिकामे होते. तो उकिडवा बसला आणि आखूड पायाखालून फ्लेक्सची घडी ओढून काढली. घडी उलगडली तर त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा चेहरा, हात जोडून हसणारा.

"ह्ये कुणी घातलं?"

"तू कापलेस ना पाय? मग घालावं लागलं."

"टेबल हितं नव्हतं. तिथं व्हतं. तिथल्या उताराला पाय कापलेत मी. तुमी फिरवलंत."

"ऐका!" बाळासाहेब फेट्यांकडे वळून म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं."

आता सगळे हसले. रखमाजीसुद्धा. हसायला मिळालं तसा त्यांचा राग उतरला, आणि तो कुंडलिकवर जाऊन बसला. त्याच्या गावची माणसं होती ती. ह्यांच्या घरांची दारं त्याने केली होती.

कुंडलिक उभा राहिला. "बाईंना विचारा," तो म्हणाला. "बाईंनी नळी धरली व्हती. बाई, सांगा ह्यांना."

मी ट्रेमध्ये अकरा कप घेऊन दारात उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय सांगायचं होतं ते मला शब्दाशब्दाने ठाऊक होतं. चार फुटांत अर्धा इंच. ११ मार्च. तांबडे चौकोन पायाखाली होते. ती तीन फुटांची रेघ दहा पावलांवर कपाटात होती. तो तुकडा आणून रखमाजींच्या हातात दिला असता तर त्यांनी स्वतःच नख फिरवून पाहिलं असतं. पण इतके पुरुष, इतका आवाज, आणि सगळे एका म्हाताऱ्याला हसत असलेले. त्यांच्या हसण्याच्या वाटेत मला उभं राहायचं नव्हतं.

मी म्हणाले, "चहा निवतोय. घ्या."

त्यांनी चहा घेतला. कुंडलिकने आपली हत्यारं गोणपाटात गुंडाळली. करवत, रंधा, वाकस, ती पाण्याची नळी. नळी त्याने पुन्हा बाहेर काढली आणि खिडकीत ठेवली. मग दार एका बोटाने लावून घेऊन तो गेला.

दगडाचं काय झालं? काही नाही. रखमाजींच्या चेहऱ्यावर पितळेचा एक गोल ठोकला, त्यावर त्यांचा रंगीत फोटो. उद्घाटन अकराच्या ऐवजी दोनला झालं. बाळासाहेबांचा तिथे शाल-श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देऊन सत्कार झाला. ते चिन्ह त्यांनी स्वतःच तयार केलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रयागबाई आली. भाकरीचं फडकं नव्हतं हातात. "गेले चाकणला," ती म्हणाली. "गावातल्या पोरांनी जगू दिलं न्हाई बाई. हे दिसले की मान वाकडी करून चालायची. टेबलावानी." ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिला जीभ होती.

मी बाळासाहेबांना मग सांगितलं. सगळं सांगितलं. फरशी दाखवली, रेघ दाखवली. ते म्हणाले, "असेल काकू, असेल. पण आता मी लोखंडी टेबल सांगितलंय. मिस्तरीला चाकणला पगार चालू झाला, त्याचं पण भलंच झालं की." मी त्यांना दसऱ्यापर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं. जाताना त्यांनी मला ॲक्रिलिकचं एक चिन्ह दिलं. "आदर्श माता." मला मूलबाळ नाही. मी ते तीनदा साबणाने धुतलं, उन्हात ठेवलं, तरी त्याची ती गोडसर घाण जाईना. शेवटी कचऱ्याच्या गाडीत टाकलं. कचरेवाल्याने ते काढून गाडीच्या काचेपाशी उभं केलं.

कुंडलिकचं टेबल तेवढं त्या खोलीत राहिलं, आग्नेयेच्या कोपऱ्यात, एका पायावर लंगडत.

मी प्रयागबाईकडे दोनदा निरोप धाडला, की कुंडलिकने येऊन टेबल घेऊन जावं. फेब्रुवारीत तो आला. निळा गणवेश, खांद्यावर कंपनीचं नाव, गळ्यात पांढऱ्या दोरीची शिट्टी. साठ वर्षांच्या माणसाच्या गळ्यात, बैलाच्या गळ्यात घुंगरू बांधावं तशी. मला तिच्याकडे पाहवेना. त्याच्या हाताची नखं वाढली होती. पूर्वी ती लाकडाने झिजलेली असायची.

"सुट्टी एकच दिस हाय," तो म्हणाला. "चारच्या जीपनं जायचं."

"टेबल तुमचं आहे," मी म्हणाले. "घेऊन जा. टेम्पो मी बोलावते."

त्याने टेबलाला हात लावला नाही. नुसता पाहत उभा राहिला. मग गणवेशाच्या बाह्या वर सारून म्हणाला, "एक बाजू उचलाल?"

मी बाहत्तर वर्षांची. आम्ही दोघांनी ते इंच-इंच सरकवत पलीकडे नेलं, फिरवलं. एक रेघेचा पाय पहिल्या चौकोनात. तांबडा रंग फिका झाला होता पण होता. खिडकीतली नळी त्याने घेतली, मोरीवर पाणी भरलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते कोपऱ्यावर धरलं. दुसऱ्या कोपऱ्यावर तो. पाणी हललं, वरखाली झालं, थांबलं. तो वाकून पाहत राहिला. मग तिसरा कोपरा, मग चौथा.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

"नेताय ना?"

"कुठं नेऊ, बाई? ह्या फरशीला कापलंय. दुसरीकडं कुठंबी वाकडंच की ते. राहू द्या हितंच." त्याने बाह्या खाली केल्या, गुंड्या लावल्या.

मी म्हणाले, "कुंडलिक, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

त्याने टोपी घातली. दाराशी गेला, दाराच्या कडेवरून नेहमीच्या सवयीने अंगठा फिरवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. शोधूनही मला सापडला नाही.

"चहा निवत व्हता ना, बाई," तो म्हणाला.

तो गेल्यावर नळीचं टोक अजून माझ्या हातात होतं. आतलं पाणी मी फरशीवर सोडून दिलं. टेबलाच्या पायांमधून ते मोरीकडे गेलं, डॉक्टरांनी घालून दिलेल्या वाटेने.